पंचवीस फूट शांतता

३ मार्च, सोमवार

आज फिल्म संकलन विभाग कायमचा बंद झाला. सकाळी दोन हमाल आले आणि माझी तुकड्यांची टोपली उचलून घेऊन गेले. टोपली म्हणजे कापडाचं अस्तर लावलेलं भलं मोठं पिंप. वर चुकांची, म्हणजे बारीक खिळ्यांची, रांग, आणि प्रत्येक चुकेवर कापून काढलेला फिल्मचा एकेक तुकडा लोंबत असायचा. एकतीस वर्षांत मी चार फ्रेमचा तुकडासुद्धा फेकला नाही. ज्याला आज नको म्हटलं त्याच्यावाचून परवा अडतं, हे मला पक्कं ठाऊक. हमालानं विचारलं, ह्यात कपडे वाळत घालायचे का? मी हो म्हटलं.

उद्यापासून व्हिडिओ टेप. शिकवायला नवीन इंजिनिअर आलाय. तो प्रत्येक वाक्याआधी 'माहितीपुस्तकात दिल्याप्रमाणे' असं म्हणतो, म्हणून मी त्याचं नाव माहितीपुस्तक ठेवलंय. टीव्ही केंद्रावर मला सगळे 'कात्री' म्हणतात, तेव्हा माझ्याकडून एवढं तरी परत जायलाच हवं. त्यानं मला शिकलेलं रोज वहीत लिहायला सांगितलं आहे. ही ती वही. ती त्याला दाखवायची नाही, हे पहिल्याच पानावर ठरलं.

६ मार्च, गुरुवार

टेपला हात लावायचा नाही, कापायचं नाही, डोळ्यांसमोर धरून बघायचं नाही. बघितलं तरी काय, तपकिरी पट्टी. डावीकडचं यंत्र दाखवणार, उजवीकडचं उतरवून घेणार, आणि आपण मध्ये बसून बटणं दाबायची. ह्याला ते संकलन म्हणतात.

मी विचारलं, मधेच एक शॉट घालावासा वाटला तर? तर म्हणे त्याच्यापुढचं सगळं पुन्हा उतरवायचं. मी विचारलं, आणि काढलेला तुकडा कुठे जातो? "जात नाही कुठे," माहितीपुस्तक म्हणाला. "त्याच्यावर दुसरं उतरलं की तो नसतोच." हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की मला हसू आलं.

मी त्याला उलट शिकवलं. म्हटलं, फिल्मवाल्याच्या खोलीत मूळ कधी येत नाही. मूळ निगेटिव्ह लॅबमध्ये थंडाव्यात असते. आमच्याकडे येते ती कामाची प्रत, ओरखडायला, कापायला, पेन्सिलीनं रेघा मारायला. म्हणून तर हात मोकळा राहतो. तो म्हणाला, इथे तसं नसतं, कॅसेट ही कॅसेट. तेवढ्यात चहा आला आणि बोलणं तिथेच राहिलं.

१२ मार्च, बुधवार

पहिलं काम मिळालं. दहा वर्षांपूर्वी धरणाचे दरवाजे उघडले, खालच्या वस्तीत पाणी शिरलं आणि नऊ माणसं गेली, त्यावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम. चित्रीकरण झालेलं आहे. टेपघरातल्या बाईंकडून चिठ्ठीवर सही करून कॅसेटी आणल्या. ह्या बाई टेपघराच्या दारात पहारेकऱ्यासारख्या बसतात. टेबलावर काचेच्या बरणीत लाल बटणं भरून ठेवलेली. लेकीच्या झबल्यांसाठी साठवली असतील.

सगळ्यात महत्त्वाची मुलाखत आहे ती गेटवाल्याची, म्हणजे त्या दिवशी चावी फिरवून ज्यानं दरवाजे उघडले त्याची. म्हातारा दहा वर्षांत कोणाशी बोललेला नाही, आत्ताच तयार झाला. आमचा मुलाखतवाला विचारतो, "खाली वस्तीत माणसं आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?"

आणि म्हातारा गप्प. घड्याळ लावून बघितलं, एक्केचाळीस सेकंद. फिल्मवर हे पंचवीस फूट झाले असते. पंचवीस फूट नुसता एक माणूस! करतो काय, तर टोपी काढून मांडीवर ठेवतो आणि बोटांशी चाळा. एका हाताची बोटं एकेक करून मुडपतो, मग दुसऱ्या हाताची, शेवटी एक अंगठा तेवढा उभा राहतो. ओठ हलतात, आवाज नाही. मग म्हणतो, "माहीत होतं. हुकूम आला, दारं उघडली."

उत्तर सोन्यासारखं आहे. त्याच्याआधीचं रडगाणं काढायला हवं.

१४ मार्च, शुक्रवार

माहितीपुस्तक रजेवर होता, त्यामुळे काम झकास झालं.

फिल्मवर मी आधी मुलाखत आवळून घ्यायचो आणि मग कार्यक्रम बांधायचो. इथेही तेच केलं. गेटवाल्याच्या उत्तरापासून पुढचं सगळं एका कोऱ्या कॅसेटवर उतरवून ठेवलं. मग मुलाखतीची कॅसेट उजवीकडच्या यंत्रात घातली आणि प्रश्न संपल्याबरोबर त्याला उत्तर जोडून टाकलं. यंत्रानं आधी हट्ट केला, उतरवूनच घेईना. बघतो तर कॅसेटच्या पोटावरचं लाल बटण गायब. दुसऱ्या एका कॅसेटचं उपटून बसवलं, की लगेच सुतासारखं सरळ. एकतीस वर्षांची अक्कल असली की यंत्रही ऐकतं.

सांध्यावर म्हाताऱ्याच्या हातांचा जवळून घेतलेला एक शॉट टाकला, म्हणजे उडी दिसत नाही. प्रश्न, हात, उत्तर. कुणाच्या बापाला कळणार नाही.

कॅसेटी परत दिल्या. बाई प्रत्येक कॅसेट उलटी करून पोट बघतात, कशाला कोण जाणे.

२१ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी प्रक्षेपण झालं. साहेब, म्हणजे आमचे कार्यक्रमप्रमुख, यांनी घरी फोन करून सांगितलं की गेटवाल्याचं उत्तर अंगावर आलं. बायकोनं माझ्याशेजारी बसून पाहिलं. ते उत्तर आल्यावर तिच्या हातातलं विणकाम थांबलं. "काय माणूस आहे," ती म्हणाली. "पापणीसुद्धा लवली नाही मेल्याची."

मला मनातून फार बरं वाटलं. सांधा दिसला नाही याची ह्याहून मोठी पावती कोणती?

२५ मार्च, मंगळवार

केंद्रावर पत्रांचा ढीग आलाय. सगळी गेटवाल्यावर. निर्लज्ज, दगड, वगैरे. एकानं लिहिलंय की दहा वर्षं वाट बघितली आणि ह्या माणसाला सांगताना थोडं अडखळावंसंही वाटलं नाही. साहेब खूश आहेत. मी चार पत्रं वाचून बाकीची ठेवून दिली.

२७ मार्च, गुरुवार

गेटवाल्याची मुलगी आली होती. चाळिशीची असेल, शाळेत शिकवते. मला वाटलं होतं आता भांडण होणार, पण ती खुर्चीच्या कडेला बसून अगदी हळू बोलली. घराच्या भिंतीवर कुणी कोळशानं 'माहीत होतं' असं लिहून ठेवलंय. दुकानदार वडिलांना सामान देत नाही. त्यांनी बाहेर पडणं सोडलंय.

मग तिनं साहेबांना विचारलं, की मूळ मुलाखत बघता येईल का? चित्रीकरणाच्या दिवशी ती कॅमेऱ्याच्या मागे उभी होती. वडील त्या प्रश्नानंतर बराच वेळ गप्प होते, तिला नक्की आठवतं. टीव्हीवर तसं नव्हतं. एवढंच तिला लोकांना दाखवायचं आहे, बाकी काही नको.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ऐटीत सांगितलं, हो, एक्केचाळीस सेकंद होते, लांबीसाठी काढले, पण मूळ सुरक्षित आहे. उद्या या.

२८ मार्च, शुक्रवार

मूळ नाही.

सकाळी मी टेपघरात जाऊन म्हटलं, गेटवाल्याची मूळ मुलाखत द्या. बाईंनी कॅसेट ठेवली. म्हटलं, ही नको, ही तर कामाची प्रत, मी वापरली होती ती. बाई म्हणाल्या, ही एकच आहे. मी म्हटलं, लॅबमधली द्या. माहितीपुस्तक मागेच उभा होता. "अहो, कुठली लॅब?" तो म्हणाला.

यंत्रावर लावली. प्रश्न, आणि लगेच उत्तर. तीन वेळा मागे नेऊन पुढे आणली, जणू चौथ्या वेळी म्हातारा टोपी काढणार होता. खरं तर मी पहिल्या वेळीच समजलो होतो. आपल्या ह्या हातांनी केलं, बटण बसवून केलं, वर शेखी मिरवली.

मुलगी बाहेर बाकावर बसून होती. साहेबांनी तिला सांगितलं की टेपमध्ये तांत्रिक बिघाड आहे. तिनं विचारलं, दुरुस्त होईल का? मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. ती गेल्यावरच मान खाली केली.

२ एप्रिल, बुधवार

चौकशी झाली. माहितीपुस्तकानं सांगितलं की मूळ कॅसेट आली की तिचं लाल बटण काढून घ्यायचं असतं, म्हणजे तिच्यावर कोणी काही उतरवू शकत नाही. ते काम टेपघराचं. ह्या कॅसेटवर बटण आहे, अर्थात टेपघरानं काढलंच नाही, मग कोणाच्याही हातून चुकून पुसली जाणारच. बाईंना मेमो मिळाला. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिला.

म्हणजे ती बरणी. मी तिला झबल्यांची बटणं म्हटलं होतं.

मी त्या खोलीत होतो, बाईंपासून दोन खुर्च्या सोडून. तोंड उघडलं होतं, साहेबांना वाटलं जांभई आली. मेमोची घडी घालून बाईंनी ती पर्समध्ये ठेवली आणि जाता जाता मला विचारलं, "भाऊ, तुमचं काही राहिलंय का माझ्याकडे?" मी म्हटलं, नाही. चष्म्याबिष्म्याबद्दल विचारत असतील.

३ एप्रिल, गुरुवार

आजही सांगितलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

बायको म्हणाली, आठवडाभर तुम्ही जेवताना बोलत नाही, कुठे दुखतंय का? दात, म्हटलं. तिनं लवंग आणून दिली. दुखत नसलेल्या दाताखाली लवंग धरून बसलो. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. एकतीस वर्षांत माझ्या नावावर एक ओरखडा नाही, आणि तो तसाच ठेवायचा तर दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर उठणार. हे मला परवापासून कळतंय आणि तरी मी लवंग चावतोय. इतका हलका माणूस मी कधी झालो?

७ एप्रिल, सोमवार

सांगितलं.

टेपघरात गेलो. बाईंनी आज पुन्हा विचारलं, काही राहिलंय का. ह्या वेळी मी म्हटलं, हो, बटण.

त्यांनी खण उघडून दोन गोष्टी टेबलावर ठेवल्या. एक माझ्या सहीची चिठ्ठी, तिच्यावर लाल शाईत त्यांच्या अक्षरात 'मूळ'. आणि दुसरी एक कामाची कॅसेट, जिच्या पोटावर बटणाच्या जागी भोक होतं. तीही मीच परत केली होती. बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"चौकशीत का नाही दाखवलंत?" मी विचारलं.

"तुम्ही बसला होतात ना तिथे," त्या म्हणाल्या. "म्हटलं, सांगतील आता. मग म्हटलं, उद्या सांगतील."

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली, त्यानं तर जास्तच लाज वाटली. तिथून साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. साहेबांनी डोकं धरलं. बाईंचा मेमो मागे घेतला, माझा उद्या टाइप होईल. आणि मुलीला आता काय सांगायचं, ते मी जाऊन सांगायचं.

१० एप्रिल, गुरुवार

गेटवाल्याच्या घरी गेलो. भिंत धुतलेली आहे, तरी अक्षरं वाचता येतात. साहेबांच्या सांगण्यावरून कॅमेरा आणि मुलाखतवाला बरोबर होता, तोच प्रश्न पुन्हा विचारावा म्हणून. मलाही वाटलं होतं की सुटका ह्यातच आहे.

आधी मी सांगितलं की मी कोण आणि काय केलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, काही राग नाही. मुलगीच रडायला लागली. मग दिवा लागला, मुलाखतवाल्यानं विचारलं, "खाली वस्तीत माणसं आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?" आणि त्याचा प्रश्न पुरता संपायच्या आत म्हातारा म्हणाला, "माहीत होतं. हुकूम आला, दारं उघडली."

मी म्हटलं, बाबा, घाई नाही, मागच्या वेळेसारखं सावकाश बोला. ते माझ्याकडे समजुतीनं बघत म्हणाले, "गप्प राहिलेलं तुम्हाला चालत नाही ना? तुमचं काम वाढतं. म्हणून ह्या वेळी पाठ करून ठेवलं."

मुलीनं मला दारापर्यंत सोडलं. मी तिला विचारलं, त्या दिवशी बोटांनी ते काय करत होते? ती म्हणाली, नावं घेत होते. पाण्यात गेलेल्यांची. रोज सकाळी घेतात, आवाज न करता, नऊ बोटं मुडपून. आई होती तोवर तिलासुद्धा त्यांनी त्या दिवसाबद्दल काही सांगितलं नाही. बाहेरच्या माणसांसमोर नावं घेतली ती त्या एकाच वेळी.

मी 'चाळा' लिहिलंय. 'रडगाणं' लिहिलंय. वर, मागे, पाच-सहा पानांवर आहे. खोडायला पेन उचललं होतं, पण ठेवून दिलं. आता काही पुसायचं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

साहेबांनी तोडगा काढला. म्हणाले, तू एवढा वस्ताद माणूस, म्हाताऱ्याचा चेहरा इकडून तिकडून गोळा कर, हातांचे शॉट आहेत, खिडकीचा आहे, जोडून दे एक्केचाळीस सेकंद शांतता. कोणाला कळणार आहे?

मी जोडली. दोन तासांत जोडली, आणि अशी जोडली की मलाच गलबलून आलं. प्रश्न ऐकताना खाली गेलेली नजर, हात, खिडकी, पुन्हा नजर. बाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, "छान जमलंय." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "नावं कुठे आहेत ह्यात?"

त्यांना मीच सांगितलं होतं नावांचं, काल, चहाच्या वेळी.

जोडलेलं पुसलं. टेपवर पुसायला फार सोपं.

फिल्मवर एखादा शॉट हरवला, की आम्ही त्याच्या जागी नेमक्या तेवढ्याच लांबीची कोरी पट्टी लावायचो आणि तिच्यावर पेन्सिलीनं लिहायचो, इथे अमुक होतं. म्हणजे मागचं-पुढचं सरकत नाही आणि हरवलंय हे कोणी विसरत नाही. साहेबांना म्हटलं, तेच करू. एक्केचाळीस सेकंद काळा पडदा. साहेब म्हणाले, लोकांना वाटेल संच बिघडला. म्हटलं, आधी पाटी दाखवा. पाटीचा मजकूर त्यांनी लिहिला, 'येथील भाग तांत्रिक कारणाने उपलब्ध नाही.' मी तो बदलला. 'या प्रश्नानंतर गेटवाले एक्केचाळीस सेकंद गप्प होते. तो भाग संकलकाने पुसला.' खाली माझं नाव. साहेबांनी बराच वेळ कागद हातात धरला आणि मग सही केली.

मध्ये काळं घातलं म्हणून पुढचा सगळा कार्यक्रम पुन्हा उतरवावा लागला. माहितीपुस्तक शेजारी बसला होता, दर कॅसेट उलटी करून बटण बघत. त्याचं बरोबर आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज संध्याकाळी पुन्हा प्रक्षेपण होतं. मुलीचा निरोप आला होता, इथे येऊन बघा. बायकोला सगळं सांगितलं, दातासकट. ती विणकाम खाली ठेवून म्हणाली की मी त्या माणसाला मेल्या म्हटलंय. मग ती पण निघाली.

त्यांच्या पुढच्या खोलीत चौघं बसलो. प्रश्न आला. पाटी आली, माझं नाव आलं. मग पडदा काळा झाला आणि त्याच्या काचेत आम्ही चौघं दिसायला लागलो. बायकोनं पदर तोंडाशी धरला. मी नेहमीच्या सवयीनं मनात सेकंद मोजायला लागलो.

सहाव्या-सातव्या सेकंदाला काचेत दिसलं की म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. करंगळी मुडपली. ओठ हलले. मग पुढचं बोट. मध्ये एका बोटावर ते खूप वेळ थांबले, इतका वेळ की मला वाटलं आता उत्तर येऊन ह्यांना मध्येच तोडणार, आणि तोही माझाच गुन्हा ठरणार. पण त्यांनी नववं बोट मुडपलं, आणि अंगठा तेवढा उभा राहिला, आणि तेव्हाच पडद्यावर त्यांचा चेहरा आला आणि म्हणाला, माहीत होतं.

खोलीत त्यांनी टोपी परत घातली. मुलगी पाणी आणायला उठली.

मी माझ्या हातांकडे बघितलं. नकळत मीही बोटं मुडपून बसलो होतो, नऊ. त्यांच्या प्रत्येक बोटाला एक नाव होतं. माझ्याजवळ नुसते सेकंद होते. उद्या शनिवार, सुट्टी टाकली आहे. वही घेऊन त्यांच्याकडे जाईन आणि विचारीन, सांगाल का. नाही म्हणाले, तर गप्प बसून राहीन.